नाशिकमध्ये जिओकॅशिंग: थंडी, उन्हाळा आणि एका पावसाळ्यानंतर

गेल्या थंडीत जीपीएसच्या मदतीने लपवलेल्या डब्या शोधायचा हा छंद सुरू केला. मधे उन्हाळा आणि आख्खा पावसाळा गेला, आणि आता पुन्हा द्राक्षबागांच्या छाटण्या आटोपून गारवा पडला आहे. तिन्ही ऋतूंत करून पाहिल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. कारण जिओकॅशिंगबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक पहिल्या आठवड्याच्या उत्साहातलं असतं. डबी सापडल्याचा फोटो असतो. पुढच्या जुलैत त्या डबीचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. माझं मत आता पक्कं झालं आहे. नाशिकमध्ये हा छंद करायचा तर निम्मं लक्ष शोधण्यावर आणि निम्मं डबी टिकवण्यावर द्यावं लागतं, आणि दुसऱ्या निम्म्यातच जास्त शिकायला मिळतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी एक पाणी न शिरणारी डबी बाहेर कुठेतरी लपवतं, तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांशाचे आकडे) संकेतस्थळावर टाकतं, आणि बाकीचे जीपीएसच्या मदतीने ती शोधतात. आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच, होती तशी ठेवायची. हे सगळं २००० साली सुरू झालं. तोपर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दिसायची. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे आकडे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं. आजही जगभरातल्या बहुतेक डब्या तिथेच नोंदवलेल्या असतात.

नाशिक परिसराचा नकाशा उघडलात तर युरोपातल्या शहरांसारखी गर्दी दिसणार नाही. डब्या मोजक्या आहेत आणि जुन्यांपैकी काही जागेवर नाहीत. म्हणून आम्ही चार-पाच जणांनी रीतसर नोंदवायच्या डब्यांबरोबर आपसांतल्या काही डब्याही ठेवल्या. त्या फक्त आमच्याच गटात फिरतात आणि शिकायला फार उपयोगी पडल्या. पैसे भरून सभासदत्व घ्यायची इथे सध्या गरज नाही. फुकटचं खातं आणि अँड्रॉइडवरचं सी:जिओ हे मुक्त स्रोत अ‍ॅप पुरतं. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे आधीच उतरवून ठेवता येतात. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेलं की रेंज जाते, तेव्हा हीच सोय कामी येते.

यंत्राबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून थोडं सविस्तर. मी गार्मिनचं ईट्रेक्स १० जुन्यात घेतलं. पडदा काळा-पांढरा, दिसायला जुनाट, पण दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २५ तास चालतं, आणि माझा अनुभवही त्याच्या जवळपासचा आहे. पावसात बिनधास्त हातात धरता येतं. उन्हात पडदा अधिकच स्वच्छ दिसतो, याचं मोल मार्च-एप्रिलमध्ये कळतं. त्या दिवसांत फोन तापून पडदा अंधूक करतो. पण फोन असताना सुरुवातीलाच हे यंत्र घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. उपग्रहांच्या दोन फ्रिक्वेन्सी पकडणारे अलीकडचे फोन अचूकतेत अजिबात मागे नाहीत. कड्याखाली, जिथे सिग्नल दगडावर आपटून येतो, तिथे तर ते जुन्या यंत्रापेक्षा लवकर स्थिर होतात. डोंगरात वारंवार जाणार असाल, किंवा फोनची बॅटरी अडचणीच्या वेळेसाठी राखायची असेल, तर वेगळं यंत्र घ्यावं. एक खबरदारी मात्र हवी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून कोणी भेट म्हणून आणत असेल तर आधीच सांगून ठेवा. नुसती जागा दाखवणारा रिसीव्हर वेगळा, त्याला अडचण नाही.

यंत्र कोणतंही असो, शेवटच्या दहा मीटरांत ते बाजूला ठेवावं लागतं. कोऑर्डिनेट्स अंश आणि दशांश मिनिटांत, तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. नाशिकच्या अक्षांशावर शेवटचा आकडा एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण १.७४ मीटर फरक पडतो. मोकळ्या आभाळाखालीही रिसीव्हर तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे असतोच. लपवणाऱ्याची चूक आणि शोधणाऱ्याची चूक एकत्र झाली की चांगलं मोठं वर्तुळ तयार होतं. त्या वर्तुळात यंत्रावरच्या बाणाच्या मागे फिरत राहिलात तर तो तुम्हाला गोल गोल फिरवतो. तिथे थांबायचं आणि बघायचं. कोणता दगड बाकीच्यांसारखा बसलेला नाही? कुठलं गवत एकाच बाजूला दबलंय? मी इथे डबी ठेवली असती तर कुठे ठेवली असती? आमच्यातल्या एकाची नववीतली मुलगी हे सगळ्यांपेक्षा लवकर ओळखते. तिच्या हातात आम्ही यंत्र देतच नाही.

हात कुठेही घालायचा नाही, हे मात्र तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आपल्या डोंगरात दगडाखाली फुरसं असतं, गवतात घोणस असते. इंग्रजी लेख वाचून कपारीत हात घालायची सवय लावून घेऊ नका. आधी काठी, मग टॉर्च, मग हात, तोही जाड हातमोज्यात. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि एक चिमटा जवळ ठेवला की बरीच कामं न वाकता होतात. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर डबी सोडून परत फिरायचं.

आता डब्यांकडे येतो. माझा सगळ्यात जास्त वेळ, आणि प्रेमही, त्यांच्यावरच गेलं आहे.

चारही बाजूंनी खटके आणि झाकणात रबरी कडा असलेले प्लास्टिकचे डबे सगळे सुचवतात. सावलीत ते उत्तम टिकले. उन्हात मात्र, विशेषतः दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, एका उन्हाळ्यात खटके ठिसूळ होतात आणि उघडताना हातात येतात. त्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळली की ऊनही अडतं आणि डबा मातीत मिसळून जातो. स्टीलचा डबा इथे नको. झाकण घट्ट बसलं तरी बाष्प आत जातंच. शिवाय चांगला स्टीलचा डबा रानात दिसला तर कोणीही घरी नेईल, त्यात नेणाऱ्याची काही चूक नाही. वर माकडांना चमकणारं काही दिसलं की त्यात खाऊच असणार अशी त्यांची खात्री. खाण्याचं काहीही आत ठेवायचं नाही हा जागतिक नियम आहे. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागते: आधी ज्यात लोणचं किंवा मसाला होता तो डबा कितीही धुतला तरी वापरू नये. मुंग्या येतात आणि वही खराब होते.

या सगळ्यांत पावसाळ्याला पुरून उरलेली गोष्ट म्हणजे प्रीफॉर्म. कोल्ड्रिंकची बाटली फुगवण्याआधी जी जाड, परीक्षानळीसारखी नळी असते ती. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका मित्राने मूठभर आणून दिल्या. बाटलीचंच झाकण बसतं, भिंत जाड असते, आणि त्र्यंबकच्या बाजूला धो धो पावसात राहिलेली वहीही कोरडी निघाली. तोटा एवढाच की आत गुंडाळलेल्या कागदाच्या पट्टीपलीकडे काही मावत नाही. मुलांना डब्यात अदलाबदलीच्या वस्तू (एक घ्यायची, एक ठेवायची) हव्या असतात, त्यांच्यासाठी मोठा डबाच लागतो. मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, पण पावसात डबा उघडला की दमट हवा आतच कोंडली जाते, म्हणून वही वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवायची. पेन ठेवू नका, शाई वाळते किंवा पसरते. आखूड केलेली शिसपेन्सिल ठेवा.

जागा निवडताना नाशिकचा भूगोल फार शिकवतो. गंगापूर धरणाच्या पाण्याकडेला मार्चमध्ये जी सुंदर जागा दिसते ती सप्टेंबरमध्ये पाण्याखाली असते. जुन्या काठाची रेघ शोधून तिच्या वर जावं लागतं. गोदाकाठी तर दुतोंड्या मारुतीची मूर्तीच पूर मोजायची आपली पट्टी आहे. पूर त्याच्या कमरेपर्यंत आला का छातीपर्यंत, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्या पातळीखाली काहीही ठेवणं म्हणजे गोदावरीला प्लास्टिक देणं. आणि रामकुंडाच्या परिसरात तर अजिबात नको. बेवारस डबा दिसला की पोलिसांना तो तपासावाच लागतो, आणि सिंहस्थ जवळ येताना हा ताण वाढतच जाणार. देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचा परिसर, ओझरचा विमान कारखाना इथे डबी सोडाच, यंत्र हातात धरून घुटमळणंही बरोबर नाही.

पांडवलेणीबद्दल हमखास विचारतात. तिथे चोवीस लेणी आहेत, सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख आहेत, आणि ते संरक्षित स्मारक आहे. दोन हजार वर्षांच्या कोरीव कामाच्या फटीत प्लास्टिक खोचायचा विचारही मनात येऊ नये. अंजनेरीचंही तसंच. तिथली कंदीलपुष्पाची एक जात, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते. वाट सोडून डबी शोधणारे पाय त्या पठारावर नकोतच. अशा जागांसाठी या खेळात दोन चांगले मार्ग आहेत. एक, टप्प्याटप्प्याची डबी: पायथ्याच्या फलकावरच्या आकड्यांतून पुढचे कोऑर्डिनेट्स काढायचे आणि प्रत्यक्ष डबी दूर, परवानगी असलेल्या जागी ठेवायची. दुसरा अर्थकॅश. यात डबी नसतेच. भूगर्भातली एखादी गोष्ट जागेवर पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. आपण तर दख्खनच्या बेसाल्टवर राहतो. लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, दगडांच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहून आल्यावर डोंगराकडे बघायची नजर बदलते. नाशिकमध्ये या खेळाला सर्वांत जास्त वाव इथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

डबी नोंदवताना संकेतस्थळाचा स्वयंसेवक परीक्षक ती तपासतो. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं, खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, आणि देखभाल कोण करणार ते सांगावं लागतं. जागेच्या मालकाची परवानगी ही आपल्याकडे कागदापेक्षा बोलण्याची गोष्ट आहे. माझी सगळ्यात चांगली टिकलेली डबी एका चहाच्या टपरीमागच्या दगडी बांधात आहे. टपरीवाल्या मावशींना ती उघडून दाखवली, वहीत त्यांचं नाव पहिलं लिहिलं. आता गेलो की चहा हातात देतानाच सांगतात, "आहे बरं का जागेवर, परवाच दोन पोरं येऊन गेली." डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हा खेळ आहे, आत फक्त वही आहे, आणि डबा पारदर्शक ठेवला आहे. आत काय आहे ते बाहेरून दिसलं की कोणी घाबरत नाही.

लोकांपासून लपून शोधायचं असा या खेळाचा जगभर रिवाज आहे. गावाच्या कडेला तो पाळू नये. बांधावर वाकून दगड हलवणारा अनोळखी माणूस शेतकऱ्याला चोरच वाटणार, आणि द्राक्षाच्या हंगामात तर नक्कीच. गुराखी दादा "काय हरवलं का भाऊ?" म्हणून विचारतात, तेव्हा सरळ खरं सांगितलेलं बरं. बहुतेक वेळा ते बरोबर शोधू लागतात. बिबट्या कालच कुठल्या उसात दिसला हेही त्यांच्याकडूनच कळतं आणि मग त्या बाजूची फेरी आपण रद्द करतो.

फिरती पदकं, म्हणजे खेळणारे एका डबीतून दुसऱ्या डबीत नेतात ती नंबर असलेली ट्रॅव्हल बग, इथल्या डब्यांत सोडू नका. येणारे इतके कमी की ती महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतात.

पुढचं काम वणव्याआधीचं आहे. फेब्रुवारीपासून उतारावरचं वाळलेलं गवत पेटायला लागतं आणि त्यात प्लास्टिकची डबी वितळते. म्हणून गवताळ उतारावरच्या डब्या जानेवारीअखेर काढून आणायच्या आणि संकेतस्थळावर तात्पुरत्या बंद दाखवायच्या, ही सोय तिथे आहे. पाऊस पडून गवत हिरवं झालं की नवी पट्टी, नवी पेन्सिल घालून परत ठेवायच्या. टपरीमागची मात्र तिथेच राहील, दगडी बांध आहे आणि मावशी आहेत.