परग्रहावरचे जीव, दादरचा वर्ग आणि एक झेरॉक्स

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी सापडलीच, तर माणसाच्या जगण्यात आणि विचारांत काय बदलेल, या एकाच प्रश्नावर दादर पश्चिमेला चार रविवारांचा एक अभ्यासवर्ग भरतो, असे एका मित्राने सांगितले. दोन-दोन तासांच्या चार सत्रांचे २,४०० रुपये मला फार वाटले नाहीत, म्हणून मी नाव नोंदवले. आयोजक संस्थेचे नाव येथे देत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांच्या कार्यालयात लेखी देऊन आलो आहे. एका वाक्यात सांगायचे, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी पैसे वसूल झाले आणि चौथा रविवार फुकट असता तरी महाग पडला असता.

दुसऱ्या रविवारी बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स ठेवली. वर्ग घेणाऱ्या प्राध्यापिका निवृत्त आहेत आणि पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना बाईच म्हणत होते. कागदावर तीसेक ठिपके होते, प्रत्येक ठिपक्यातून वर-खाली जाणारी एक बारीक उभी रेघ होती, आणि सूचना एवढीच होती की, या ठिपक्यांतून तुम्हाला योग्य वाटेल ती एक रेषा काढा. माझ्या शेजारी रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले एक काका बसले होते. त्यांनी खिशातून सहा इंची पट्टी काढली, डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ मारली आणि पेन्सिल खाली ठेवली. मी मात्र मोठ्या उत्साहाने दोन डोंगर आणि मधली दरी काढली होती.

मग बाईंनी सांगितले की, हे ठिपके त्यांनी के२-१८बी या ग्रहाच्या वर्णपटाच्या धर्तीवर काढले आहेत, आणि उभ्या रेघा मोजमापातली संभाव्य चूक दाखवतात. हा ग्रह सिंह राशीच्या दिशेला सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर आहे. तो त्याच्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याच्या हवेतून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश जेम्स वेब दुर्बीण टिपते, आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून हवेत कोणते वायू असावेत याचा अंदाज बांधला जातो. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याशी मिळताजुळता वायू असल्याच्या खुणा जाहीर केल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो, त्यामुळे खळबळ उडणे स्वाभाविक होते. मात्र हा पुरावा ‘तीन सिग्मा’ पातळीचा होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के होती, आणि शोध म्हणून मान्यता मिळायला ‘पाच सिग्मा’ लागतात. थोड्याच दिवसांत ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने त्याच आकड्यांचा वेगळा हिशेब मांडून दाखवले की, या ठिपक्यांतून सरळ रेघही व्यवस्थित बसते, म्हणजे त्यांत कोणत्याही वायूची खूण मानायलाच हवी असे नाही. काकांनी माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूच्या निरीक्षणांतही आढळलेला आहे, आणि धूमकेतूवर शेवाळ वाढते असे कोणी म्हणत नाही.

या अर्ध्या तासात वर्गाच्या मूळ प्रश्नाचे जे उत्तर मिळाले, ते मला कोणत्याही व्याख्यानात मिळाले नसते. आपण सगळे ‘ज्या दिवशी बातमी येईल त्या दिवशी’ अशी कल्पना करतो. तसा दिवस बहुधा उगवणारच नाही. बाईंनी १९९६ चे उदाहरण दिले. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एएलएच ८४००१ या दगडात सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याचा दावा त्या वर्षी इतका गाजला की, ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या आवारात त्यावर निवेदन केले. पुढे त्या प्रत्येक खुणेला निर्जीव स्पष्टीकरणे मिळत गेली आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी दावा मान्य केला नाही. के२-१८बीची बातमी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर ‘अखेर जीव सापडले’ अशा मथळ्याने आली होती. तिच्याखाली तीन अंगठे आणि एका भाचीच्या वाढदिवसाची आठवण, एवढीच प्रतिक्रिया उमटल्याचे मला वर्गात बसल्या बसल्या आठवले. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली आहे, आणि पहिल्या पायरीवरच्या बातमीला सातव्या पायरीचा मथळा देऊ नये, हा तिचा एक हेतू आहे. परिणाम व्हायचा तो अशा वर्षानुवर्षांच्या ‘असेल, नसेल’मधून होणार असेल, तर लोक घाबरतील की नाही यापेक्षा लोक कंटाळतील का, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

तिसरा रविवार तितकाच भरीव होता. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबाद केंद्रातून २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले होते. दुसऱ्या वेळच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि त्यांना ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली. हे आमच्यापैकी निम्म्यांना ऐकून माहीत होते. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही, हे त्यासोबतच स्पष्ट केले गेले होते, याकडे बाईंनी आवर्जून लक्ष वेधले. तेथून त्या मंगळाकडे वळल्या. मंगळावरच्या जीवाची जडणघडण आपल्यासारखीच, डीएनएवर चालणारी निघाली, तर उल्कांमधून एका ग्रहावरचे जीवन दुसऱ्यावर गेले असावे असे म्हणता येईल. ती पूर्णपणे वेगळी निघाली, तर एकाच सूर्याभोवती जीवन दोनदा स्वतंत्रपणे उगवले असे ठरेल, आणि मग आकाशगंगेत ते जागोजागी असणार. आजवरच्या सगळ्या जीवशास्त्राकडे अभ्यासासाठी एकच नमुना आहे. दुसरा मिळाला, तर नुकसान कोणत्या धर्माचे होईल यावर वाद घालणाऱ्यांनी आधी पाठ्यपुस्तकांकडे पाहावे, असे बाई हसत म्हणाल्या.

कायद्याचा भाग त्यांनी झटपट आटोपला, पण नेमकेपणाने. १९६७ च्या अंतराळ करारातील नववे कलम इतर ग्रहगोल दूषित करू नका आणि तिकडचे काही आणून पृथ्वी बिघडवू नका, असे बजावते. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना २१ दिवस विलगीकरणात ठेवले होते ते याच भीतीने. बुद्धिमान प्राण्यांचा संदेश आलाच, तर आधी खातरजमा करावी, मग जगाला सांगावे आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर पाठवू नये, असे शास्त्रज्ञांचे आपसांतले शिष्टसंकेत १९८९ पासून आहेत. ते मोडल्यास शिक्षा मात्र कुठलीच नाही.

आता चौथा रविवार. ‘समाजावरील परिणाम’ या शीर्षकाखाली व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेणारे एक पाहुणे बोलावले होते. मंगळवासीयांच्या हल्ल्यावरच्या ३० ऑक्टोबर १९३८ च्या रेडिओ नाटकाने साऱ्या अमेरिकेला रस्त्यावर आणले, ही कथा त्यांनी रंगवून सांगितली आणि तिच्यावर तासाभराचा इमला उभा केला. त्या घबराटीची वर्णने वृत्तपत्रांनी फुगवली होती, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. उलट मानसशास्त्रज्ञ मायकेल व्हार्नम आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात सूक्ष्मजीव सापडल्याच्या बातमीवर लोकांची प्रतिक्रिया भीतीपेक्षा आनंदाकडे झुकलेली दिसली. अर्थात त्यात भाग घेणारे अमेरिकेतले होते, आणि आपल्याकडे काय होईल हा प्रश्न तेथेच खुला राहतो.

नेमका तोच प्रश्न एका बँक कर्मचारी ताईंनी विचारला. त्या म्हणाल्या, “आमच्या घरी रोज ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणून जयजयकार होतो. कोटी ब्रह्मांडे आम्ही आधीच मान्य केली आहेत, मग एका मंगळावरच्या जंतूने आम्हाला धक्का का बसावा?” वसईहून येणाऱ्या एका मॅडमनी त्याला जोडून चर्चची भूमिका विचारली. पाहुण्यांनी दोन्ही प्रश्न ‘सकारात्मक राहा’ या उत्तरात गुंडाळले. शेवटी मागच्या रांगेतून बाईच उठल्या आणि व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर फुनेस यांनी २००८ मध्ये परग्रहवासीयांना भाऊ मानायला हरकत नाही असे म्हटले होते, एवढे सांगून खाली बसल्या. ताईंच्या प्रश्नावर अख्खे सत्र व्हायला हवे होते. ब्रह्मांडे अनंत मानणे सोपे आहे, पण त्यांतल्या एकातून खरोखरच कोणी शेजारी निघाला, तर त्याला आपण कोणत्या रांगेत बसवू, हे आपल्या समाजात विचारण्यासारखे आहे.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. रविवारी सकाळी ११ ची वेळ म्हणजे नेमकी मेगाब्लॉकची. डोंबिवलीकर रोज अर्ध्या सत्रात धापा टाकत येत. गच्चीवरून दुर्बिणीतून गुरू दाखवण्याचे आश्वासन पत्रकात होते, ते झालेही नाही आणि त्याचा उल्लेखही नंतर कोणी केला नाही. पहिल्या रविवारचा इतिहास ओझरता होता, पण त्यात परग्रहवासीयांसाठी व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या तबकडीतले केसरबाई केरकरांचे भैरवीतले गाणे ऐकवले. १९७७ साली पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांसह, ज्यांत मराठीही आहे, ते पृथ्वीबाहेर गेले आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पंख्यांचा आवाज एरवी त्रास देई. त्या तीन मिनिटांत तो कोणालाच जाणवला नाही.

पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी कार्यालयात विचारून सुटे सत्र मिळते का पाहावे. मला दोनच सत्रांचे पैसे भरायला आवडले असते. जाताना पेन्सिल आणि पट्टी न्यावी. संस्था झेरॉक्स देते, पेन्सिली देत नाही.