रोनाल्डो आला नाही, आमचे ५४ हजार मात्र गेले

२२ ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळी पाडवा. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर, एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लब स्पर्धेचा गटसामना. या सामन्याच्या तिकिटांवरून कोल्हापूरच्या आम्हा चौघांना कसं लुटलं ते सविस्तर लिहितोय. लुटणारा अजून मोकळा आहे, आणि त्याची पद्धत पुढच्या कुठल्याही मोठ्या सामन्याला जशीच्या तशी चालणारी आहे.

हा माणूस आमच्याशी फारसं खोटं बोललाच नाही. त्यानं सांगितलेल्या दहापैकी आठ गोष्टी पेपरात छापून आलेल्या होत्या. खोटं होतं ते फक्त तिकीट.

ऑगस्टमध्ये एफसी गोव्यानं ओमानच्या अल सीबला हरवून गटात जागा मिळवली आणि दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, ड्रॉमध्ये अल नासर त्याच गटात आलं. कोल्हापुरात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला शाहू स्टेडियममध्ये खांद्याला खांदा लावून बसणारं गाव आमचं, आणि इथनं चार-पाच तासांवर रोनाल्डो येणार! अधिकृत तिकिटं स्वस्त नव्हती आणि आम्हाला हव्या त्या स्टँडची मिळेनात. अशा वेळी टेलिग्रामवरच्या एका फुटबॉलच्या ग्रुपात हे महाशय भेटले. नाव सांगितलं एडविन. राहणार मडगाव. बोलायला गोड, दर वाक्याला ‘पात्रांव’, म्हणजे गोव्याकडचं ‘साहेब’.

त्याचं म्हणणं असं. आयएसएलचं, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचं, यंदा काही खरं नाही. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपतोय, नवा झालेला नाही. जुलैतच मोसम लांबणीवर पडला. बेंगळुरू एफसी क्लबनं तर ऑगस्टमध्ये खेळाडूंचे पगार थांबवले. प्रायोजक हात आखडता घेतायत, त्यामुळं त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या पडल्यात आणि त्या ‘आतून’ रोखीनं विकल्या जातायत. नऊ हजाराला एक.

कराराचं, मोसमाचं, पगाराचं सगळं खरं होतं. आमच्यातला अवधूत, माझा मावसभाऊ, रोज या बातम्या वाचणारा. त्यानं एकेक गोष्ट ताडून बघितली आणि बरोबर निघाली. ‘आतून विकतायत’ हे एवढंच ताडून बघायची सोय नव्हती, आणि नेमकं तेच बनावट होतं.

मग रोनाल्डोचा विषय निघाला. त्यानं जूनमध्ये अल नासरशी २०२७ पर्यंतचा नवा करार केला होता, आणि बाहेरगावच्या सामन्यांना जायचं की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो अशी करारात मुभा असल्याच्या बातम्या होत्या. गटातले आधीचे दोन्ही सामने तो खेळलाही नव्हता. एडविननं हे लपवलं नाही, उलट स्वतःच काढलं. ‘पात्रांव, पोर्तुगीज माणूस गोव्यात येणार नाही होय? पण मी जबाबदारी घेतो. तो नाही आला तर अर्धे पैसे परत.’

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आम्हाला वाटलं, माणूस सरळ आहे, धोका आधीच सांगतोय. प्रत्यक्षात दुसऱ्या चोरीची पेरणी त्यानं तिथंच केली होती.

चार तिकिटांचे ३६ हजार यूपीआयनं गेले. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव दिसलं ते एडविन नव्हतं, कुठल्यातरी बाईंचं होतं. ‘वहिनीचं खातं आहे, माझी आजची लिमिट संपली.’ घरोघरी असं चालतं, त्यामुळं कुणाला खटकलं नाही. यूपीआय ॲप पैसे जायच्या आधी बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं ते शोभेसाठी नाही. बोलणारा एक आणि खातं दुसऱ्याचं असेल तर तिथंच हात आखडावा; वहिनी असो, मेहुणा असो, नाहीतर ‘ऑफिसचं अकाउंट’. पोलिसांकडून नंतर कळलं की ते खातं भाड्यानं घेतलेलं होतं. कुणाला दोन-चार हजार देऊन त्याचं खातं वापरायचं, हा या धंद्यातला रोजचा प्रकार.

तिकिटं लगेच दिली नाहीत. क्यूआर आधी दिला तर लोक ब्लॅक करतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी देतो म्हणाला. ब्लॅकवालाच ब्लॅकची काळजी करत होता! इंग्लंडात १९९४ च्या कायद्यानं फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा गुन्हा आहे. आपल्याकडं ब्लॅकवाल्याकडं लोक उपकारकर्ता म्हणून बघतात.

२० तारखेच्या रात्री अल नासर गोव्यात उतरलं. सादिओ माने आला, जाओ फेलिक्स आला, रोनाल्डो नाही. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. घरात पूजेची मांडामांड चाललेली, आणि आम्ही फोन करायच्या आधी त्याचाच फोन आला. आवाज पडलेला. ‘वाईट वाटतंय पात्रांव, पण शब्द म्हणजे शब्द. अठरा हजार परत घ्या. एकदम खूप लोकांना परत करायचेत म्हणून क्यूआर पाठवलाय. स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील.’

अवधूतनं एका हातात निरांजनाचं ताट धरून स्कॅन केलं. जमा काही झालं नाही, खात्यातनंच अठरा हजार गेले. लगेच पुन्हा फोन: ‘एंट्री उलटी पडली. परत एकदा करा, छत्तीस एकदम येतील.’ तिथं मात्र अवधूतनं फोन माझ्याकडं दिला, आणि मी तो बंद केला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅन करावं लागत नाही, ‘ओके’ दाबावं लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. एकानं दुसऱ्याला यूपीआयवर पैशांची ‘रिक्वेस्ट’ पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली ती अशाच फसवणुकी थांबाव्यात म्हणून. क्यूआर मात्र राहिला. आणि ‘रिफंड’ हा शब्द ऐकला की माणूस पैसे देण्याच्या नाही, घेण्याच्या तयारीत असतो. तिथंच तो गाठला जातो.

अर्ध्या तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. लागायला वेळ लागतो, पण लावत राहायचं. ते व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), रक्कम, वेळ आणि आपली बँक विचारतात, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथं अडवायला सांगतात. त्याच रात्री सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली.

गंमत म्हणजे त्याच रात्री चार क्यूआर तिकिटंही आली, ‘गैरसमज नको’ असा निरोप घेऊन. खोली बुक होती, सुट्टी होती. पाडव्याला सकाळी अवधूत आणि मी आंबोलीमार्गे निघालो. तिकीट खरं असेल अशी आशा थोडी होती, नाही म्हणणार नाही.

फातोर्ड्याच्या गेटवर मशीननं लाल दिवा दाखवला. स्कॅन करणारा पोरगा शांतपणे म्हणाला, ‘झालंय हे आधीच.’ शेजारी बेळगावचे काही जण याच कारणावरून हुज्जत घालत होते. त्यांचा फोन बघितला. तोच स्टँड, तीच रांग, तीच खुर्ची. त्याहून वाईट म्हणजे चित्राच्या वरच्या कोपऱ्यात वेळ ७:४८ आणि बॅटरी २३ टक्के. आमच्याही चित्रात ७:४८ आणि २३. एक खरं तिकीट घ्यायचं, त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि मागेल त्याला विकायचा. जो पहिला गेटवर पोचतो तो आत जातो. तो पहिला बहुतेक एडविनच असावा. चोरही शेवटी फुटबॉलचा चाहता, काय सांगावं.

म्हणजे खरं तिकीट दाखवलं तरी ते खरं ठरत नाही. ज्या ॲपवरून काढलं त्याच ॲपमधून तुमच्या नावावर, तुमच्या नंबरवर फिरवून देता येत असेल तरच त्याला अर्थ. नाहीतर विकणाऱ्याला गेटवर बोलवायचं, मशीननं हिरवा दिवा दाखवल्यावर पैसे द्यायचे. खरा माणूस कुरकुर करत का होईना, येतो. स्क्रीनशॉटवाला ‘आज्जी आजारी आहे’ म्हणतो.

सामना पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर बघितला. पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल खाल्ले. मग मध्यंतराच्या जरा आधी ब्रायसन फर्नांडिसनं एक फेडला, तेव्हा स्टेडियममधला आवाज आधी आला आणि फोनवरचा गोल मागनं. २-१ नं हरलो. सौदीच्या गडगंज संघासमोर आपल्या पोरांनी मान खाली घातली नाही, आणि रोनाल्डो नव्हता याचं त्या क्षणी कुणाला काही वाटलं नसेल.

पैशांचं सांगायचं तर ३६ हजार गेल्यातच जमा आहेत. ते केव्हाच एटीएममधनं काढले गेले होते. १८ हजारांपैकी ११,४०० एका खात्यात अडवलेले सापडले. ते सोडवायची खटपट चालू आहे. पोलिसांनी बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या पावत्या आणि पूर्ण चॅट मागितलं. टेलिग्रामवरचं त्याच्या बाजूचं चॅट त्यानं दोन्हीकडनं पुसून टाकलं होतं, पण अवधूतनं भांडणाच्या रागात बेळगावच्या मंडळींना दाखवायला सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते, तेच आता फाइलला लावलेत. तुमच्याकडं असा कुणी ‘पात्रांव’ म्हणणारा एडविन येऊन गेला असेल, नाव वेगळं असलं तरी, तर तुमची तक्रार वेगळी नोंदवा आणि त्यात त्याचा नंबर आणि यूपीआय आयडी लिहा. एकाच खात्यावर जास्त तक्रारी दिसल्या की तपासाला जोर येतो, असं आम्हाला तिथल्या हवालदारांनीच सांगितलं.