नाशिकमध्ये रक्त कुठे तपासायचं? जवळची लॅब, हॉस्पिटलची लॅब आणि कलेक्शन सेंटर यांची तुलना

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तपासण्या लिहून दिल्या की नाशिकमध्ये आपल्यापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली घराजवळची पॅथॉलॉजी लॅब. तिथे रक्त पुढच्या खोलीत घेतात आणि मशीन आतल्या खोलीत असतं. दुसरी मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातली लॅब. तिसरी एखाद्या मोठ्या साखळीचं कलेक्शन सेंटर, जिथे फक्त रक्त घेतात आणि नळ्या पुढे मुंबईला किंवा पुण्याला जातात. बहुतेक लोक दर किती, गाडी लावायला जागा आहे का, घरी येऊन रक्त नेतात का, एवढं बघून ठरवतात. मी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी नेहमी विचारतात, “कुठली लॅब चांगली?” मी त्यांना आधी विचारतो, “तपासणी कोणती आहे?” कारण एकच लॅब सगळ्या तपासण्यांसाठी चांगली, असं सहसा नसतं.

कंट्रोल लागला का?

लॅबचा दर्जा मशीनच्या किमतीवरून कळत नाही. तो कळतो कंट्रोलवरून. कंट्रोल म्हणजे ज्याची साखर, क्रिएटिनिन, पोटॅशियम किती यायला हवं हे आधीच माहीत आहे असं तयार सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव). दुकानदाराने माल मोजण्याआधी काट्यावर एक किलोचं माप ठेवून बघावं, तसंच हे. रोज सकाळी पेशंटच्या नळ्या मशीनवर चढवण्याआधी कंट्रोल लावायचा, आणि तोही किमान दोन पातळ्यांचा: एक नॉर्मल आणि एक आजारी माणसाच्या आकड्याजवळचा. नॉर्मल पातळीवर बरोबर चालणारं मशीन वरच्या पातळीवर चुकू शकतं, आणि पेशंटला गरज असते ती वरच्याच पातळीची.

आलेला आकडा तक्त्यावर टिपतात. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही पद्धत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आणली. म्हणून आम्ही त्याला एलजे चार्ट म्हणतो. मधली रेष सरासरीची, वर-खाली एक, दोन आणि तीन एसडीच्या रेषा (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती साधारण किती हलतात त्याचं माप). १९८१ मध्ये वेस्टगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तक्ता कसा वाचायचा याचे नियम घालून दिले. एकच ठिपका दोन एसडीबाहेर गेला तर सावध व्हायचं, कारण वीसातून एकदा असं निव्वळ योगायोगानेही होतं. तीन एसडीबाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन एसडीपलीकडे गेले, तर रिपोर्ट थांबवायचे. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम मात्र दहाचा आहे. लागोपाठ दहा ठिपके रेषेच्या एकाच बाजूला पडले तर एकही ठिपका “बाहेर” नसतो, तरी मशीन हळूहळू सरकत असतं. रोज फक्त “आज आत आहे ना?” एवढंच विचारणाऱ्या लॅबला हे सरकणं दिसत नाही.

कंट्रोल बाहेर गेल्यावर काय करतात यावरून लॅबची खरी ओळख होते. वाईट सवय अशी: पुन्हा लावा, पुन्हा लावा, आत आला की पेशंट सुरू करा. चांगली लॅब थांबते. रिएजंट (तपासणीचं रसायन) संपत आलंय का, मशीनचा दिवा जुना झालाय का, कंट्रोलची बाटली किती दिवसांपूर्वी उघडली, हे बघते. गरज पडली तर कॅलिब्रेशन करते (मशीन ठरलेल्या मापाशी पुन्हा जुळवते) आणि वहीत लिहून ठेवते. शेवटचा कंट्रोल बरोबर लागल्यानंतर गेलेले रिपोर्टही परत तपासते. हा शेवटचा भाग सगळ्यांत कष्टाचा असतो, म्हणून तोच आधी टाळला जातो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या परीक्षेची. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज बायोकेमिस्ट्रीसाठी, तर दिल्लीचं एम्स रक्तपेशींच्या तपासण्यांसाठी असा कार्यक्रम चालवतं. अनोळखी नमुना येतो, लॅब तो तपासून आकडा कळवते, आणि तीच पद्धत वापरणाऱ्या इतर लॅबच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते झेड-स्कोअरच्या रूपात कळतं, म्हणजे त्यांच्या सरासरीपासून आपण किती एसडी दूर आहोत ते. दोनच्या आत असेल तर ठीक, तीनच्या पुढे गेला तर गडबड. रोजचा कंट्रोल लॅबला स्वतःशी प्रामाणिक ठेवतो आणि ही परीक्षा बाकीच्यांशी जुळवून ठेवते. दोन्ही करणारी लॅब गल्लीतली असली तरी मी तिच्यावर विश्वास ठेवेन.

जवळची लॅब: वेळ तिच्या बाजूने

रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. सिरम वेगळं न करता नळी तशीच ठेवली तर खोलीच्या तापमानाला साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. करड्या झाकणाच्या नळीतलं फ्लोराइड ही घट रोखतं. पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तासभर किंवा जास्त लागतो, तोवर थोडी घट होतच राहते. ज्याची उपाशीपोटीची साखर १२६ च्या, म्हणजे मधुमेहाच्या सीमेच्या, आसपास रेंगाळते आहे, त्याच्या निदानासाठी एवढा फरकही पुरेसा असतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे गेला असताना दुचाकीच्या डिक्कीत फिरणारी नळी डोळ्यांसमोर आणा.

पोटॅशियमचं त्याहून नाजूक. रक्त घेताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम सिरममध्ये येतं. त्यातून सिरम तरी गुलाबी दिसतं, निदान कळतं. पण सिरम वेगळं न करता नळी फ्रिजमध्ये ठेवली तर पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपतं. सिरम स्वच्छ पिवळं दिसतं आणि आकडा खोटा वाढलेला असतो. किडनीच्या पेशंटसाठी हा आकडा म्हणजे औषध बदलण्याचा निर्णय. ईएसआर (लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ती तपासणी) चार तासांच्या आत लावायचा असतो, लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी दोन तासांच्या आत. या सगळ्यांत जवळची लॅब सरळ जिंकते.

तिची अडचण वेगळी आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक वेळा तिथे दोष हेतूचा नसतो, गणिताचा असतो. कंट्रोलच्या बाटलीची किंमत पेशंट दहा असोत की पाचशे, तेवढीच राहते. साखर आणि क्रिएटिनिन रोज पन्नास येत असतील तर दोन कंट्रोलचा खर्च त्यांत विरून जातो. पण आठवड्याला दोन-तीनच व्हिटॅमिन डी किंवा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) येत असतील, तर प्रत्येक वेळी दोन पातळ्या लावणं म्हणजे पेशंटइतकेच कंट्रोल. मग काही लॅब नमुने साठवून आठवड्यातून एकदा लावतात, काही कंट्रोल एकाच पातळीचा लावतात, काही तर लावतच नाहीत. प्रामाणिक लॅब सरळ सांगते, “ही तपासणी आम्ही बाहेर पाठवतो.” हे ऐकून बरेच लोक नाराज होऊन उठतात. मला मात्र त्या लॅबबद्दल आदर वाटतो.

छोट्या लॅबमध्ये आणखी एक बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कंट्रोल कोणाचा. मशीनच्याच कंपनीचा कंट्रोल त्या रिएजंटशी जुळवलेला असतो, त्यामुळे तो सहज आत येतो. वेगळ्या कंपनीचा कंट्रोल महाग पडतो आणि कधी कधी त्रासही देतो, पण चूक तोच आधी पकडतो.

कलेक्शन सेंटर: मशीन भक्कम, रस्ता लांब

मोठ्या मध्यवर्ती लॅबमध्ये रोज हजारो नमुने येतात. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी-१२, हार्मोन, कॅन्सर मार्कर यांचे कंट्रोल तिथे दिवसातून अनेकदा लागतात, कारण ते परवडतं. माणूस बघेपर्यंत न थांबता संगणकच वेस्टगार्डच्या नियमांनुसार रिपोर्ट अडवून धरतो. या तपासण्यांसाठी मी स्वतःच्या घरच्यांचे नमुनेही खुशाल पाठवतो. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) किंवा व्हिटॅमिन डीचं सिरम वेळेवर वेगळं करून थंड ठेवलं तर प्रवासाने बिघडत नाही. एचबीए१सीचं (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं) रक्त तर फ्रिजमध्ये काही दिवस टिकतं.

सगळं अडतं ते “वेळेवर वेगळं करून” या शब्दांवर. मुंबई नाशिकपासून सुमारे १७० किलोमीटर, मध्ये कसारा घाट, पावसाळ्यात वाहतूक तुंबते. सेंटरमध्ये सेंट्रिफ्यूज (नळी फिरवून सिरम वेगळं करणारं यंत्र) आहे का? पिवळ्या झाकणाची जेलची नळी रक्त गोठल्यावर तिथेच फिरवतात, की तशीच डब्यात टाकून पाठवतात? गाडी किती वाजता निघते? सकाळी सातला दिलेलं रक्त संध्याकाळपर्यंत पडून राहणार असेल तर मुंबईचं कोट्यवधींचं मशीनही आधी झालेली चूक दुरुस्त करू शकत नाही. लॅबच्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळलंय की अर्ध्याहून जास्त चुका नमुना मशीनवर चढण्याआधीच होतात: चुकीची नळी, अर्धवट भरलेली नळी, चुकीचं नाव, उशीर. कंट्रोलची बाटली या प्रवासातून जात नाही, म्हणून कंट्रोल या चुका कधीच दाखवत नाही.

हॉस्पिटलची लॅब

इथली ताकद म्हणजे चोवीस तास माणूस आणि धोक्याचा आकडा आला की वॉर्डात फोन. पोटॅशियम साडेसहा आलं तर त्याची छापील प्रत निघेपर्यंत थांबायचं नसतं. दाखल पेशंटचा कालचा आणि आजचा आकडा शेजारी दिसतो, म्हणून नळ्यांची अदलाबदल झाली तरी ती बऱ्याचदा पकडली जाते. मर्यादा एवढीच की तिथे बऱ्याचदा दोन मशीन असतात: मुख्य, जे सिरम तपासतं, आणि इमर्जन्सीचं, जे बहुधा न गोठलेलं रक्तच तपासतं. गोठलेल्या रक्ताच्या सिरममध्ये प्लेटलेटमधून थोडं पोटॅशियम सुटतं, त्यामुळे दोन्हींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त तुलना त्याच मशीनशी करावी. साध्या वार्षिक तपासणीसाठी हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहण्याचं कारण मला दिसत नाही.

एनएबीएलचा शिक्का

एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार मिळते. त्याची सध्याची आवृत्ती २०२२ ची. शिक्का असलेली लॅब मी आधी निवडेन, कारण तिथे कंट्रोल, बाहेरची परीक्षा, कॅलिब्रेशन यांच्या नोंदी बाहेरचे तपासनीस येऊन बघतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. मान्यता विशिष्ट पत्त्याला आणि ठरावीक तपासण्यांना असते, ब्रँडला नव्हे. तुमची तपासणी त्या यादीत आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येतं. आणि छोट्या लॅबसाठी २०१९ पासून एक प्राथमिक पातळीची योजनाही आहे. ती चांगली सुरुवात आहे, पण पूर्ण मान्यता नाही. शिक्का नाही म्हणजे लॅब वाईट, असंही नाही. ही मान्यता ऐच्छिक आहे. सहीचं मात्र तसं नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं होतं. सही कोणाची आहे हे वाचल्याशिवाय रिपोर्ट घडी घालून ठेवू नका.

चिठ्ठी हातात घेऊन ठरवताना

साखर, पोटॅशियम-सोडियम, लघवी, ईएसआर: घराजवळ. डेंगीच्या दिवसांत प्लेटलेट मोजायच्या असतील तरी जवळच, आणि जिथे पॅथॉलॉजिस्ट स्वतः स्लाइड बघतात तिथे. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे) काही लोकांच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. आकडा चाळीस हजार येतो, स्लाइडवर मात्र झुपकेच्या झुपके दिसतात. डेंगीच्या कार्ड टेस्टबद्दलही सांगतो. कार्डावरची कंट्रोलची रेष फक्त एवढंच सांगते की द्रव पुढे सरकला. कार्डाने कमी प्रमाणातला विषाणू ओळखला असता का, हे ती सांगत नाही. म्हणून निर्णय अडला असेल तर एलायझा (लॅबमधली जास्त बारकाईची तपासणी) करून घ्यावी.

थायरॉइड, व्हिटॅमिन, हार्मोन: सेंट्रिफ्यूज असलेलं कलेक्शन सेंटर चालेल. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. एचबीए१सीसाठी शक्यतो एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) पद्धत निवडा. सिकलसेलसारखं वेगळं हिमोग्लोबिन असेल तर त्याच्या आलेखावर ते बहुधा दिसतं, आणि आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठसारखे आदिवासी तालुके आहेत, जिथे सिकलसेलची शक्यता जास्त. ज्याला तीव्र रक्तक्षय आहे, त्याचा एचबीए१सी कुठल्याही लॅबचा असो, डॉक्टरांना तसं सांगूनच वाचावा.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दर वेळी त्याच लॅबमध्ये करा. निळ्या झाकणाची नळी रेषेपर्यंत भरली जातेय का हे स्वतः बघा. त्यात एक भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं) आणि नऊ भाग रक्त असा हिशोब असतो. नळी अर्धी राहिली तर आकडा वाढलेला येतो आणि गोळी उगाच कमी होते. थायरॉइडचंही तसंच: वर्षभर एकच लॅब, शक्यतो सकाळची तीच वेळ.

रिपोर्ट प्रकृतीशी जुळत नसेल तर लगेच दुसऱ्या लॅबकडे धावू नका. त्याच दिवशी फोन करून सांगा, “सिरम ठेवलंय का? पुन्हा लावून बघता का?” नमुने ठरावीक काळ सांभाळून ठेवण्याची पद्धत चांगल्या लॅबमध्ये असते. पुन्हा लावून तोच आकडा आला तर नव्याने रक्त घ्यायला सांगा. आणि त्या दिवशीचा कंट्रोल कसा लागला होता हे विचारा. विचारल्यावर वही उघडून दाखवणारी लॅब सापडली, तर पुढच्या वेळी मी तिथेच जाईन.