“भरले आहे” या दोन शब्दांवर विसंबून गमावलेले ३,७१,५२० रुपये

कारखान्यांना यंत्रभागांची कॅड ड्रॉइंग करून देण्याचा माझा एकट्याचा व्यवसाय आहे, आणि मदतीला अर्धवेळ येणारी एक सहायिका, एवढाच काय तो पसारा. वर्षाची बिले वीस लाखांच्या वर जाऊ लागल्यावर जीएसटी नोंदणी करावी लागली. जून २०२३ मध्ये ओळखीतल्या एकाने सुचवलेल्या कर सल्लागाराकडे मी हिशेब, पगारपत्रक आणि करभरणा असे सगळेच सोपवले. त्याची फी दरमहा २,००० रुपये होती. अशा सल्लागारांनी फसवलेल्या माणसांच्या गोष्टी मीही ऐकल्या होत्या आणि ती माणसे निष्काळजी असणार असे मला वाटत असे. मी निष्काळजी नव्हतो. प्रत्येक चलन छापून फाइलला लावणारा माणूस मी आहे, आणि नेमक्या त्याच फाइलमध्ये माझी फसवणूक महिन्याच्या क्रमाने लावलेली सापडली.

पहिले पाच महिने सर्व सुरळीत होते. नोव्हेंबर २०२३ च्या बिलांवरील करापासून त्याने नवी पद्धत सुरू केली: “तुम्ही पोर्टलवर कशाला अडकता, रक्कम माझ्या खात्यात पाठवा, मी सगळ्या ग्राहकांचे एकदमच भरतो.” १८ डिसेंबर २०२३ रोजी मी त्याच्या वैयक्तिक खात्यात ३४,९२० रुपये पाठवले. संध्याकाळी चलनाची पीडीएफ आली आणि खाली संदेश होता, “भरले आहे.” पुढचे दहा महिने हेच चालले. अकरा महिन्यांचे मिळून ३,७१,५२० रुपये.

आता ते चलन पुन्हा पाहतो तेव्हा स्वतःचाच संताप येतो. जीएसटीच्या पोर्टलवर चलन तयार केले की त्यावर १४ अंकी सीपीआयएन, म्हणजे चलनाचा ओळख क्रमांक, पडतो, आणि ते चलन १५ दिवस वैध राहते. पैसे खरोखर जमा झाले, तरच त्या क्रमांकाला बँकेचा तीन अक्षरी संकेत जोडून १७ स्थानांचा सीआयएन, म्हणजे भरणा झाल्याचा क्रमांक, तयार होतो. माझ्या फाइलमधल्या अकराही चलनांवर सीपीआयएन आहे, सीआयएन एकावरही नाही. ती चलने खोटी नव्हती. पोर्टलवरूनच काढलेली, माझा जीएसटी क्रमांक आणि अचूक रक्कम असलेली, पण पैसे न भरलेली होती. जानेवारीत कागद लावताना पहिल्याच चलनावर मुदत संपण्याची तारीख १ जानेवारी २०२४ अशी दिसली, तेव्हा मी फोन करून विचारले होते की भरलेल्या पैशांच्या पावतीला मुदत कशी असते. तो म्हणाला, “ती भरायची शेवटची तारीख असते, आपण त्याच्या आधीच भरले.” मला ते पटले. त्या दिवशी सीआयएन मागितला असता, तर नुकसान ३४,९२० रुपयांवर थांबले असते.

मी पडताळणी केलीच नाही, असे कोणी म्हणू नये. पोर्टलवर लॉगइन न करताही जीएसटी क्रमांक टाकून कोणाची विवरणपत्रे कधी दाखल झाली ते दिसते, आणि मी ते दर महिन्याला पाहत होतो. जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचे विवरणपत्र) दाखल, जीएसटीआर-३बी (देय कराचे विवरणपत्र) दाखल, तारखा वेळेतल्या. आपल्या भाषेत विवरणपत्रही भरतात आणि करही भरतात. त्याने विवरणपत्र भरले होते आणि मी कर भरला असे समजत होतो. प्रत्यक्षात त्याने ३बीमध्ये माझ्या नावावर कधीच न केलेल्या खरेदीची इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दाखवून देय कर शून्य केला होता. जीएसटीआर-१ बरोबर असल्यामुळे माझ्या ग्राहकांना त्यांचे क्रेडिट मिळत राहिले आणि कोणाचीच तक्रार आली नाही. विवरणपत्र दाखल झाल्याची तारीख पाहून समाधान मानू नका; लॉगइन करून इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर, म्हणजे करापोटी जमा झालेल्या पैशांची नोंदवही, उघडा, पैसे आले असतील तर तिथे दिसतील. तेही जमत नसेल, तर पोर्टलवर लॉगइनशिवाय सीपीआयएन टाकून भरण्याची स्थिती पाहण्याची सोय आहे. मला ती माहीत नव्हती.

आणखी एक खूण होती. पूर्वी विवरणपत्र दाखल करताना माझ्या मोबाइलवर ओटीपी येत असे आणि मी तो त्याला कळवत असे. डिसेंबरपासून ओटीपी येणे बंद झाले. मला वाटले, काहीतरी सोपे झाले असावे. खरे म्हणजे नोव्हेंबरमध्ये विवरणपत्राचा म्हणून मी सांगितलेला एक ओटीपी नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल बदलण्यासाठी वापरला गेला होता. त्यानंतर पोर्टलच्या सगळ्या सूचना त्याच्याकडे जात होत्या. ओटीपी कशासाठी आहे ते संदेशातच लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय कोणालाही सांगू नका.

दिवाळीनंतर त्याचा फोन बंद झाला. १४ नोव्हेंबर २०२४ नंतर एका कारखान्याच्या हिशेबनिसाने कळवले की माझे ऑक्टोबरचे १,१२,१०० रुपयांचे बिल त्यांच्या २बीमध्ये (पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नाही, आणि दिसेपर्यंत पैसे मिळणार नाहीत. मी पोर्टल उघडायला गेलो तर पासवर्ड बदललेला होता.

येथून पुढचा छळ फसवणुकीपेक्षा कमी नव्हता. नोंदणीतला मोबाइल परत स्वतःचा करून घ्यायला अधिकारक्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे जावे लागते. मी आधी केंद्राच्या कार्यालयात गेलो. तेथे दोन तास बसवून ठेवल्यावर कळले की माझी नोंदणी राज्याकडे आहे. राज्याच्या कार्यालयात अधिकारी रजेवर. दुसऱ्या खेपेला अर्जाचा नमुना वेगळा हवा होता, तिसऱ्या खेपेला आधारची प्रत साक्षांकित नव्हती. चौथ्या खेपेला दहा मिनिटांत काम झाले, आणि ते दहा मिनिटांचेच काम होते, तर तीन खेपा कशासाठी? लॉगइन झाल्यावर ऑगस्टपासून पडून असलेली एएसएमटी-१० ही विवरणपत्रातील तफावतीचा खुलासा मागणारी नोटीस दिसली. उत्तराची मुदत केव्हाच उलटली होती. मी अधिकाऱ्यांपुढे बँकेची उताऱ्याची पाने ठेवली, माझ्या खात्यातून गेलेला प्रत्येक रुपया दाखवला. उत्तर मिळाले, “तुम्ही त्याला दिले, शासनाला नाही.” कायदाही तेच सांगतो, जीएसटी कायद्याच्या कलम ४८ नुसार दुसऱ्याने दाखल केलेल्या विवरणपत्राची जबाबदारी नोंदणीधारकाचीच राहते. पण माझ्या तक्रारीची लेखी नोंद घेऊन त्या माणसाच्या इतर ग्राहकांचे काय झाले, एवढे तरी कोणी पाहावे, ही माझी अपेक्षा अवाजवी होती का? बाकीचे लोक अजून त्याची चलने फाइलला लावत असतील.

पोलीस ठाण्यात तर हे प्रकरण दिवाणी आहे असे सांगून मला परत पाठवले. पुन्हा गेलो तेव्हा प्रश्न निघाला की ३० जून २०२४ पर्यंतचे व्यवहार भारतीय दंड संहितेखाली आणि १ जुलैपासूनचे भारतीय न्याय संहितेखाली, मग अर्ज कोणत्या कायद्याखाली घ्यायचा. हे ठरवायचे काम माझे आहे का? सनदी लेखापालांच्या संस्थेकडे तक्रार करावी म्हटले, तर तो सनदी लेखापाल नव्हताच. पाटीवर तसे लिहिलेलेही नव्हते, मीच गृहीत धरले होते. सदस्यत्व क्रमांक मागा, आणि नसेल तर त्या माणसाला काय येते ते ऐकण्याआधी त्याच्यावर कारवाई कोण करू शकते ते विचारा.

नव्या सनदी लेखापालांच्या सल्ल्याने जानेवारी २०२५ मध्ये कारणे दाखवा नोटीस निघण्यापूर्वी मी डीआरसी-०३ (स्वतःहून कर भरण्याचा नमुना) द्वारे कर ३,७१,५२०, व्याज ४१,९३० आणि १५ टक्के दंड ५५,७२८ असे ४,६९,१७८ रुपये भरले. त्याला दिलेले धरून ३,७१,५२० रुपयांच्या करासाठी माझ्या खिशातून ८,४०,६९८ रुपये गेले. कराचा पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पाठवू नका, मग तो सख्खा भाऊ असला तरी. चलन त्याला करू द्या, पैसे तुमच्या नेट बँकिंगमधून जाऊ द्या.

रक्कम लहान असूनही सर्वांत जास्त लाज वाटली ती पगारपत्रकाची. सहायिकेचा पगार १५,००० रुपये. त्यातून व्यवसाय करापोटी दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापायला त्याने मला सांगितले, आणि ऑगस्ट २०२३ पासून चौदा महिने मी ते कापून त्याला देत राहिलो. महाराष्ट्रात २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर लागतच नाही, आणि माझ्या नावाने कर कापण्याची नोंदणीसुद्धा त्याने कधी केली नव्हती. तिला २,९०० रुपये परत देताना मी चौदाही पगारचिठ्ठ्या समोर ठेवल्या. तिने एकेक चिठ्ठी पाहिली, फेब्रुवारीची बाजूला काढली आणि विचारले, “सर, या महिन्यात शंभर जास्त का कापले होते?”