पेनावरची नक्षी: हातकोरीव की लेसरची?

निवृत्त होणाऱ्या गुरुजींना जुन्या धाटणीचे फाउंटन पेन द्यायचे ठरले, की नक्षी हाताने कोरून घ्यावी की लेसरने, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर मात्र पेन कशाचे आहे यावर ठरते.

पेन चांदीचे असेल तर मी निःसंकोच हातकोरीव कामाकडे झुकेन. छिन्नीने धातू प्रत्यक्ष कापला जातो, त्यामुळे चराच्या दोन्ही उतरत्या बाजू चकाकतात आणि पेन बोटांत फिरवताना वेल हलल्यासारखी भासते. लेसरच्या मंद रेषेत हे तेज नसते. चांदी काळवंडली तरी बिघडत नाही, कारण काळिमा खोलगट भागात राहून नक्षी अधिक उठून दिसते. पार्कर ७५ या पेनाच्या चांदीच्या आवृत्तीतील चौकटीदार रेषांची शोभा याच काळेपणात आहे. म्हणून असे पेन सांगलीच्या सराफ कट्ट्यावर दागिन्यांबरोबर उजळायला देऊ नये. द्रावणात बुडवले की चरांतला काळिमा निघून जातो आणि नक्षी फिकी पडते.

मुलामा दिलेल्या पितळी पेनाचे गणित उलटे आहे. मुलामा अगदी पातळ असतो, छिन्नी तो फोडून पितळ उघडे पाडते आणि हाताच्या घामाने ते काळपट होत जाते. हातकामच हवे असेल तर आधी कोरणे आणि मग मुलामा, हा क्रम कारागिराकडून कबूल करून घ्यावा. रंगाचा थर असलेल्या पितळी पेनावर मात्र लेसर सरस ठरतो: रंग तेवढा उडून खालचे पितळ सोनेरी रेघेसारखे दिसते, आणि बारीक जोडाक्षरे किंवा सहीसुद्धा नीट उमटते.

भांड्यांवर नाव घालणाऱ्या मशीनचा मोह टाळावा. तिच्या थरथरत्या सुईची ठिपकेदार रेघ तांब्या-पातेल्यावर शोभते. पेनाच्या पातळ टोपणाला पोचा पडू शकतो.

एबोनाइटवर लेसर नकोच. गंधक घालून कडक केलेले ते रबर उष्णतेने जळते व उग्र वास सोडते. जुन्या एबोनाइट पेनांवरील यंत्राने काढलेल्या लहरी रेषा उथळ असतात, तेव्हा असे पेन मिळालेच तर पॉलिश न करता जसेच्या तसे द्यावे.

कोणतेही पेन कोरायला देताना शाई रिकामी करून निब व फीड (निबखालचा, शाई पुरवणारा भाग) घरीच काढून ठेवावेत, कारण कोरताना उडणारा धातूचा कीस फीडच्या बारीक खाचेत अडकतो.