दिवाळीत घरच्यांनी मिळून काही द्यायचं तर पुण्यात कुठे? आमच्या घरचा रोखठोक रिव्ह्यू

मार्क कशावर दिलेत ते आधीच सांगते, नंतर वाद नको. जी जागा "हे आणू नका" असं तोंडावर सांगते तिला जास्त मार्क, आणि जी "आणा हो, काहीही चालेल" म्हणते तिथे जरा जपून. कारण दिवाळी आली की सोसायटीच्या ग्रुपवर कपडे द्या फराळ द्या ब्लँकेट द्या असे फॉरवर्ड सुरू होतात आणि निम्म्या घरांत त्याचा अर्थ माळा रिकामा करणे एवढाच असतो. आमच्याकडे आम्ही दोघं, सासूबाई, दोन पोरं (मोठी सातवीत, धाकटा दुसरीत) आणि भाऊबीजेला नणंद तिच्या मंडळींसकट, म्हणजे आजींना झेपेल आणि धाकट्याला बोअर होणार नाही असं काहीतरी लागतं. त्या हिशोबाने लिहितेय, एकट्यादुकट्याने जाणाऱ्यांचं गणित वेगळं असेल.

पहिला नंबर आमच्याकडे भाऊबीज निधीचा, आणि हे नवीन पिढीला माहीतच नसतं याचं मला नवल वाटतं. कर्वेनगरची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था दिवाळीच्या सुमाराला भाऊबीज म्हणून निधी गोळा करते, वर्षानुवर्षांची पद्धत आहे. अण्णा कर्व्यांनी 1896 मध्ये विधवा बायकांसाठी आश्रम काढला, 1900 मध्ये तो हिंगण्याला झोपडीत नेला, तेव्हा तिथे माळरान होतं, आज ट्रॅफिक आहे. ज्या माणसाला विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलं त्यालाच शंभरी गाठल्यावर 1958 मध्ये भारतरत्न. हे सगळं सासूबाईंनी पोरांना चकल्या पाडता पाडता सांगितलं आणि मोठी मधेच म्हणाली, म्हणजे आपण ओवाळणी घेतो ती उलटी द्यायची? बरोबर, तीच तर मजा आहे. भावाने बहिणीला घालायची ओवाळणी शिकणाऱ्या मुलींना घालायची, वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पोरांनी स्वतःच्या ओवाळणीतून थोडे थोडे काढले (धाकट्याने दहाची नोट काढली आणि पाच परत मिळतील का विचारलं, असो), आजींनी त्यांच्या पेन्शनमधून घातले, पावती घेतली. जुने कपडे नाहीत, उरलेला फराळ नाही, फक्त पैसे आणि पावती. पाचपैकी पाच.

पावतीवरून आठवलं, हे सगळीकडेच लागू आहे. दानावर इन्कम टॅक्समध्ये मिळणारी 80जी ची सूट हवी असेल तर 2000 च्या वर कॅश देऊ नका, धरत नाहीत, ऑनलाइन किंवा चेकने द्या आणि नंतर 10बीई नावाचं सर्टिफिकेट मागून घ्या. वस्तू दिल्यात तर त्यावर सूट नाही. आणि टॅक्सची नवीन पद्धत घेतली असेल तर 80जी विसराच, आमच्या ह्यांनी हे मला एप्रिलमध्ये सांगितलं, धन्यवाद.

आता कपडे. इथे मी गूंजचं नाव घेईन. अंशू गुप्तांनी 1999 मध्ये दिल्लीत सुरू केलेली, शहरातले वापरलेले कपडे आणि वस्तू गोळा करून गावांत पोचवणारी संस्था, 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्यांची गाठोडी जिथे जातात तिथे ती फुकट वाटत नाहीत हे मला सगळ्यात आवडतं. गावातले लोक आपल्या गावासाठी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या कामाबद्दल त्यांना कपडे आणि घरच्या वस्तू मिळतात, म्हणजे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. दुसरं म्हणजे जुन्या सुती चादरी आणि साड्या यांचं तिकडे कापडी पॅड होतं. सासूबाईंच्या विटलेल्या सुती साड्या बोहारणीलाही नको असायच्या, आम्ही त्या धुऊन घड्या घालून दिल्या आणि मोठीला त्याचं काय होतं ते कळल्यावर तिने वर्गातल्या मैत्रिणींनाही सांगितलं, त्यामुळे आता आमच्याकडे दुसऱ्यांच्या आज्यांच्या साड्याही येतात. पुण्यातल्या सेंटरचे पत्ते आणि ते आत्ता काय घेतायत हे त्यांच्या साइटवर बघूनच जा, गाडी भरून आधी निघू नका. एक मार्क कापलाय कारण धाकट्याला यात करण्यासारखं काहीच नाही, तो नुसता गाठोड्यांवर उड्या मारतो. घरात एक नियम मात्र झाला: जे आपण पाहुण्यांसमोर घालणार नाही ते पिशवीत टाकायचं नाही. यावरून ह्यांचे तीन टीशर्ट बाद झाले.

मग आला तो प्रकार ज्याबद्दल खरं तर मला लिहायचं होतं. शहराबाहेरच्या एका मुलांच्या संस्थेत आम्ही दिवाळीच्या आठवड्यात फराळ घेऊन गेलो होतो, नाव लिहीत नाही. आमच्या आधी एक कंपनी येऊन गेलेली, आमच्यानंतर एक मंडळ थांबलेलं, मुलं सतरंजीवर रांगेत बसलेली, प्रत्येक ग्रुपला तेच गाणं म्हणून दाखवतात, टाळ्या, लाडू, फोटो, पुढचा ग्रुप. एका मुलीने लाडू घेतला आणि मागच्या डब्यात ठेवला, तो डबा आधीच भरलेला होता. फोटो काढू नका असं तिथे कोणीच म्हणालं नाही, उलट बॅनर नीट धरा म्हणाले. अहो, संस्थेत राहणाऱ्या मुलांची ओळख जगजाहीर करायची नसते, त्यासाठी बाल न्याय कायदा आहे, आणि कायदा सोडा, आपल्या पोराचा असा फोटो कोणी स्टेटसला टाकला तर आपण काय करू? आमची मोठी परत येताना गाडीत गप्प होती आणि मग म्हणाली, त्यांना रोज गाणं म्हणायला लागत असेल का. त्या संस्थेला पाचपैकी दीड, तो दीडही तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींसाठी, कारण निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, लाडू नकोत, दिवाळीत इतके येतात की वाटून संपत नाहीत, जानेवारी फेब्रुवारीत कोणी फिरकत नाही तेव्हा तेल आणि तूरडाळ पाठवा, आणि मोठ्या मुलींसाठी पॅड. मॅनेजमेंटपेक्षा त्या बाईला जास्त कळत होतं. आता आम्ही दिवाळीत तिकडे जात नाही, संक्रांतीनंतर किराणा दुकानातून थेट सामान पाठवतो, आणि यादी त्यांच्याकडून मागवून घेतो.

रक्तदान. हे दिवाळीत करावं असं कोणाच्या डोक्यात येत नाही, पण गरज तेव्हाच असते, कारण कॉलेजं बंद, कंपन्यांना सुट्ट्या, म्हणजे शिबिरं नाहीत, आणि पावसाळ्यामागून डेंग्यूचे पेशंट असतातच. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, आधी साठवून ठेवू म्हटलं तरी जमत नाही. 18 वर्षांच्या वर, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी परत द्यायचं. नणंदेचं हिमोग्लोबिन अकराच्या आसपास निघालं, तिला प्रेमाने परत पाठवलं, वर पालेभाजी आणि गोळ्यांवर लेक्चर, ती फुगली पण मी रक्तपेढीला त्यासाठीच पाच मार्क देते. पोरं देऊ शकत नाहीत पण बरोबर न्या, सुई बघून धाकटा पांढरा पडला आणि नंतर दोन बिस्किटाचे पुडे त्यानेच संपवले.

स्वच्छच्या ताईंबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. स्वच्छ म्हणजे कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, 2008 पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलते, बहुतेक बायकाच आहेत. दिवाळीत आपण काय करतो तर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी फटाक्यांचा कागद, मिठाईचे खोके, फुटलेल्या पणत्या, निर्माल्य, सगळं एका पिशवीत कोंबून दारात ठेवतो आणि वर दिवाळी म्हणून शंभर रुपये हातात टेकवतो. आमच्या ताईंना विचारलं काय हवं, तर म्हणाल्या काच आणि पणत्या पेपरात गुंडाळून वेगळ्या द्या, हात कापतो. बास एवढंच. मग पोरांनी मजल्यामजल्यावर चिठ्ठ्या लावल्या, सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा हे पण त्यात लिहिलं (ही मोहीमही स्वच्छचीच), आणि पाडव्याचा कचरा सगळ्यांनी घरात ठेवून ताईंना सुट्टी दिली. तीन फ्लॅटवाल्यांनी ऐकलं नाही, ते असतातच. जुनी गादी, फर्निचर, बंद पडलेला मिक्सर असलं काही असेल तर त्यांचे व्ही कलेक्ट म्हणून कार्यक्रम होतात, तिथे नेऊन द्या, कॅनॉलमध्ये टाकू नका. पाच मार्क, आणि पैसे शंभर नका देऊ हो, महागाई बघा, जरा बरे द्या.

संस्थाबिंस्था काहीच नको असेल तर सदाशिव पेठ, नवी पेठेत चक्कर मारा. एमपीएससीची मुलं, दिवाळीत घरी गेलं की गावातले विचारतात अजून लागलं नाही का, म्हणून बरीच जातच नाहीत, आणि मेसही चार दिवस बंद. ह्यांच्या ऑफिसमधल्या एकाचा पुतण्या तिकडे राहतो, त्याला मित्रांसकट पाडव्याला जेवायला बोलावलं. मी हौसेने फराळाची ताटं मांडली तर एकजण लाजत लाजत म्हणाला, काकू, फराळ राहू दे, साधं वरणभात असेल तर. मग कुकर लावला, तूप लिंबू मीठ, आणि आजींनी त्याला बीड की लातूर पासून सगळी चौकशी केली, फक्त परीक्षेचं कोणी काढलं नाही, पोरांना तशी सक्त ताकीद होती. जेवणानंतर दोघं खाली जाऊन धाकट्याच्या किल्ल्याला बुरूज लावत बसले. याला मार्क कसले द्यायचे, पण घरच्या सगळ्यांना सगळ्यात आवडलेलं हेच.

येरवडा जेलच्या विक्री केंद्राबद्दल बरेच जण विचारतात. कैद्यांनी केलेल्या वस्तू, लाकडी फर्निचर वगैरे, काम मजबूत असतं. दान म्हणून जाऊ नका, खरेदी म्हणून जा, घासाघीस करायची नाही. चार मार्क. आणि फराळ स्वतः करायला वेळ नसेल पण वाटायचा असेल तर मार्केट यार्डातल्या पूना मर्चंट्स चेंबरचे लाडू चिवडा, ना नफा ना तोटा, रांग मात्र लावावी लागते, वॉचमन आणि ड्रायव्हर मंडळींच्या पाकिटांसाठी आम्ही तेच घेतो.

राहिली रॉबिन हूड आर्मी, म्हणजे उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना वाटणारा ग्रुप. 2014 पासूनची, सगळे व्हॉलंटियर, आणि पैसे घेतच नाहीत, मी द्यायला गेले तर नको म्हणाले, त्यामुळे माझ्या हिशोबात ते आधीच पास. चांगलं ताजं अन्न किंवा तुमचा वेळ, एवढंच. दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन करून सगळं जमवू म्हणाल तर जमणार नाही, आठवडाभर आधी बोला. पाकिटं भरायच्या कामाला दुसरीतलं पोरही चालतं, फक्त चकल्या भरताना शेजारी बसा, आमच्याकडे पाकिटात कमी आणि पोटात जास्त गेल्या.