स्ट्रीट फायटर ६ चा ट्रेनिंग मोड: एकाच मूव्हच्या माऱ्यावर खात्रीचा उपाय

समोरच्या होंडा या पात्राचा हेडबट (डोक्याची धडक), मग पुन्हा हेडबट, मग पुन्हा तोच. स्पॅम करणाऱ्यावर, म्हणजे एकच मूव्ह सतत मारणाऱ्यावर, चिडून काही होत नाही. मूव्ह चालते ती समोरच्याकडे उत्तर नसतं म्हणून. कॅपकॉमच्या २०२३ मधल्या या फायटिंग गेमचा ट्रेनिंग मोड ते उत्तर शोधायला फार उपयोगी आहे.

डमी, म्हणजे सरावातला प्रतिस्पर्धी, म्हणून तेच पात्र घ्या. डमीच्या हालचाली रेकॉर्ड करायला आठ स्लॉट आहेत. पहिल्यात तो त्रासदायक हल्ला, दुसऱ्यात चालत येऊन थ्रो (पकडून फेकणं), तिसऱ्यात नुसतं उभं राहणं. तिन्ही चालू ठेवून प्लेबॅक रँडम करा. एकच स्लॉट लावणं ही सर्रास होणारी चूक. त्यात बोटांना फक्त ताल पाठ होतो, डोळे काहीच शिकत नाहीत.

खरी किमया फ्रेम मीटरची, म्हणजे मूव्हचा वेळ फ्रेममध्ये दाखवणाऱ्या पट्टीची. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. मीटरवर हिरवा म्हणजे मूव्हची सुरुवात, लाल म्हणजे प्रत्यक्ष फटका, निळा म्हणजे सावरण्याचा वेळ. हल्ला ब्लॉक केल्यावर समोरचा उणे ४ (आपल्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा सावरणारा) किंवा त्याहून मागे असेल, तर ४ फ्रेमचा जॅब (झटपट हलका ठोसा) त्याला चुकवता येत नाही. तरीही लागला नाही, तर अंतर तपासा. ब्लॉक करताना आपण मागे ढकलले जातो आणि जॅब पोचत नाही. मग लांब पल्ल्याचं बटण लागतं, पण ते हळू असतं, त्यामुळे उणे आकडाही तेवढा मोठा हवा.

ड्राइव्ह इम्पॅक्ट या चिलखती हल्ल्याचा सराव वेगळा करा. तो २६ फ्रेममध्ये येतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, आणि दोन फटके पचवतो. त्यामुळे जॅब मारत राहणारा हमखास फसतो. आपला ड्राइव्ह इम्पॅक्ट उलट टाका, किंवा अगदी जवळ असाल तर थ्रो करा. त्याचं चिलखत थ्रोला अडवत नाही. दर वेळी ड्राइव्हच्या (अशा मूव्हसाठी लागणाऱ्या शक्तीच्या) सहापैकी एक बार खर्च होतो, म्हणून सतत टाकणारा स्वतःच बर्नआउटकडे, म्हणजे ड्राइव्ह पूर्ण संपण्याकडे, सरकतो.

फायरबॉलच्या माऱ्यावर पॅरी (हल्ला परतवणारा बचाव) उत्तम, ड्राइव्हही भरून मिळतो. मात्र जवळ आल्यावर पॅरी धरून बसलात तर थ्रो जास्त नुकसान करून जातो.

उणीव एकच, पण मोठी: नेमकं काय रेकॉर्ड करायचं ते आपल्यालाच शोधावं लागतं. हरलेल्या सामन्याच्या रिप्लेवर फ्रेम मीटर चालू करा आणि सर्वांत जास्त वेळा लागलेली मूव्ह पहिल्या स्लॉटमध्ये टाका.